सायकलस्वारांचे रस्त्यावरील हक्क

मोटारींसोबत एकाच रस्त्यावरून सायकल चालवणाऱ्या व्यक्तीचे कायद्यातील स्थान, तिला मिळणारे संरक्षण आणि अपघातानंतर नुकसानभरपाई मागण्याचा तिचा अधिकार. बहुतेक देशांच्या कायद्यात सायकल हे वाहन आहे. ती रस्त्यावर असते ती हक्काने, मोटारवाल्यांच्या मेहरबानीने नव्हे. मात्र नियम सारखे असले तरी वजन सारखे नसते. एकीकडे दीड टनाची मोटार, दुसरीकडे स्वारासकट नव्वद-शंभर किलोची सायकल. चूक कोणाचीही असो, हाडे बहुधा एकाचीच मोडतात. सायकलीला इतर वाहनांच्या बरोबरीचे स्थान तुलनेने लवकर मिळाले. त्या बरोबरीने भागत नाही हे कळायला मात्र कायद्याला बराच वेळ लागला, आणि अनेक देशांत ते अजूनही अर्धवटच कळले आहे.

वाहन म्हणून मान्यता : सायकलीला वाहनाचा दर्जा मिळाला तो गंमत म्हणजे एका शिक्षेच्या निमित्ताने. १८३५ च्या इंग्रजी महामार्ग कायद्यात गाडी बेफाम हाकणे हा गुन्हा होता. हा कायदा झाला तेव्हा पायट्यांची सायकल कुणी पाहिलीही नव्हती. १८७९ मध्ये ‘टेलर विरुद्ध गुडविन’ या खटल्यात न्यायालयाने सायकल हीसुद्धा ‘गाडी’च, म्हणून ती बेफाम चालवणाराही दंडास पात्र, असा निर्णय दिला. एकदा गाडीची बंधने लागू झाली की गाडीचे हक्क नाकारणे कठीण जाते. १८८८ च्या स्थानिक शासन कायद्याने सायकलींना स्पष्टपणे गाड्यांच्या वर्गात घातले आणि अंधारात दिवा लावण्याचे व पुढच्याला मागे टाकताना घंटी वा शिट्टी वाजवून इशारा देण्याचे बंधन घातले. अमेरिकेत शहरांनी उद्यानांतून आणि काही रस्त्यांवरून सायकलींना मज्जाव केला होता. १८८० मध्ये स्थापन झालेल्या ‘लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन’ या संघटनेने त्याविरुद्ध चळवळ केली आणि १८८७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने सायकलस्वारांना रस्त्यावर घोडागाड्यांच्या बरोबरीचा हक्क देणारा कायदा केला. म्हणजे हे सगळे मोटारी रस्त्यांवर पसरण्याआधीच ठरले होते. मोटार आली तेव्हा सायकल रस्त्यावर हक्काने होतीच.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ८ नोव्हेंबर १९६८ चा रस्ते वाहतुकीविषयीचा व्हिएन्ना करार महत्त्वाचा आहे. त्याच्या व्याख्येनुसार किमान दोन चाकांचे, केवळ स्वाराच्या अंगबळावर चालणारे वाहन म्हणजे सायकल. पादचारी, सायकलस्वार आणि त्यांतही मुले, वृद्ध व अपंग यांच्याबाबत चालकाने विशेष काळजी घ्यावी, असे हा करार सांगतो. ओव्हरटेक करताना बाजूला पुरेसे अंतर ठेवणे, वळताना आपल्या वाटेत येणाऱ्या सायकल मार्गावरील स्वाराला आधी जाऊ देणे आणि कुणाला धोका नाही याची खात्री केल्याशिवाय गाडीचे दार न उघडणे हे नियमही त्यात आहेत. सायकलस्वारावरही बंधने आहेत. निदान एक हात हँडलवर हवा, दुसऱ्या वाहनाला धरून ओढले जाता कामा नये, आणि तोल किंवा इतरांची वाट बिघडेल असे ओझे नेता येत नाही. द्रुतगती मार्गांवर बहुतेक देशांत सायकलींना बंदी असते. विजेच्या मदतीवर चालणाऱ्या सायकलींबाबत युरोपीय संघाने रेषा आखली आहे. २५० वॅटपर्यंतची मोटार, पायटे मारत असतानाच मिळणारी मदत आणि ताशी २५ किमीला ती बंद, या अटींत बसणारी सायकल ही सायकलच. त्यापलीकडची मोपेडच्या वर्गात जाते आणि तिचे नियमही बदलतात.

सायकल मार्गाची सक्ती : वेगळा सायकल मार्ग म्हणजे सायकलस्वारांची सोय, असे आज गृहीत धरले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक सायकलस्वारांना तो हक्कावरचा घाला वाटत होता. लंडनच्या वेस्टर्न ॲव्हेन्यूवर १९३४ मध्ये ब्रिटनमधला पहिला असा मार्ग खुला झाला, तेव्हा १८७८ पासून काम करणाऱ्या ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ने त्याला विरोध केला. आज कडेला वेगळी पट्टी देतील आणि उद्या मुख्य रस्त्यावर बंदी घालतील, हा त्यामागचा तर्क होता. हा तर्क अगदीच हवेतला नव्हता. त्याच वर्षी जर्मनीने जिथे सायकल मार्ग असेल तिथे तोच वापरण्याची सक्ती केली, आणि ती सहा दशकांहून अधिक टिकली. १९९८ पासून ही सक्ती निळा गोल फलक लावलेल्या मार्गांपुरतीच उरली. २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने आणखी पुढे जाऊन, त्या जागी नेहमीपेक्षा बराच जास्त धोका असल्याचे दाखवता आले तरच असा फलक लावता येईल, असे ठरवले. मोटारींचा खोळंबा होऊ नये एवढ्यासाठी सायकलींना रस्त्यावरून हटवता येणार नाही, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. मार्ग चांगला असला तर लोक तो सक्तीशिवायही वापरतात. सक्तीची गरज बहुधा खड्ड्यांच्या, अरुंद आणि दर चौकात तुटणाऱ्या मार्गांनाच भासते.

रस्त्यावरची जागा आणि ओव्हरटेकिंग : सायकलने कडेने चालावे हा नियम जवळपास सगळीकडे आहे, पण ‘कड’ म्हणजे गटाराची झाकणे आणि उभ्या मोटारींची दारे नव्हेत. अमेरिकेतील अनेक राज्यांचे कायदे ‘व्यवहार्य असेल तितके कडेला’ अशी भाषा वापरतात आणि अडथळे, वळणे, मोटार व सायकल शेजारी-शेजारी मावणार नाहीत इतकी अरुंद लेन असे अपवाद देतात. अरुंद जागी लेनच्या मध्यभागी चालणे हे त्यामुळे अनेक ठिकाणी कायदेशीर आहे. मागच्या चालकाला तो आडमुठेपणा वाटतो. खरे तर मध्यभागी चालणारा स्वार त्याला एवढेच कळवत असतो की इथून घुसू नका, जागा नाही. ब्रिटनच्या ‘हायवे कोड’ या वाहतूक नियमावलीत २९ जानेवारी २०२२ पासून झालेल्या बदलांत हे स्पष्ट लिहिले गेले. ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त, अशी रस्ता वापरणाऱ्यांची उतरंडही त्याच वेळी त्यात आली.

‘पुरेसे अंतर’ म्हणजे किती, यावर पूर्वी कायदा मौन पाळत असे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने १९७३ मध्ये किमान तीन फूट हा आकडा कायद्यात घातला. फ्रान्समध्ये वस्तीत एक मीटर आणि वस्तीबाहेर दीड मीटर अंतर लागते. जर्मनीत एप्रिल २०२० पासून हेच आकडे अनुक्रमे दीड व दोन मीटर आहेत. स्पेनमध्ये एकाच दिशेने एकाहून अधिक लेन असतील तर चालकाने पूर्ण लेन बदलूनच पुढे जायचे असते. आकडा लिहिणे सोपे, मोजणे अवघड. इंग्लंडमधील वेस्ट मिडलँड्स पोलिसांनी २०१६ मध्ये साध्या कपड्यांतील पोलिसालाच सायकलवर बसवले आणि घासून जाणाऱ्या चालकांना पुढे थांबवायला सुरुवात केली. ही पद्धत नंतर इतर पोलीस दलांनीही उचलली.

वेगमर्यादा हाही संरक्षणाचाच भाग आहे, कारण धडकेतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किमीने येणाऱ्या मोटारीची ऊर्जा ३० किमीच्या मोटारीच्या जवळजवळ पावणेतीन पट असते. स्पेनने मे २०२१ पासून प्रत्येक दिशेला एकच लेन असलेल्या शहरी रस्त्यांवर ताशी ३० किमीची मर्यादा आणली. मोठ्या ट्रकांच्या बाबतीत प्रश्न वेगाचा कमी आणि आरशात न दिसणाऱ्या जागेचा जास्त असतो. वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला सापडलेला स्वार चालकाला दिसतच नाही. म्हणून युरोपीय संघात जुलै २०२४ पासून नव्या अवजड वाहनांत अशा जागेची सूचना देणारी यंत्रणा बंधनकारक झाली.

सिग्नलवर सायकलने मोटारीसारखेच थांबावे का, हा वेगळा वाद आहे. अमेरिकेतील आयडाहो राज्याने १९८२ मध्ये सायकलस्वारांना ‘थांबा’ फलकापाशी, वाट मोकळी असेल तर, न थांबता पुढे जाण्याची मुभा दिली. डेलावेअरने २०१७ मध्ये आणि नंतर काही राज्यांनी तसेच केले. फ्रान्समध्ये ठरावीक फलक असलेल्या सिग्नलवर लाल दिव्यातही सायकलला वळता येते, मात्र पादचाऱ्याला आधी जाऊ द्यावे लागते.

भरपाईचे दायित्व : सायकलस्वाराच्या हक्कांचा खरा कस अपघातानंतर लागतो. इथे मुख्य प्रश्न असतो तो शाबितीचा भार, म्हणजे दोष सिद्ध करण्याची जबाबदारी कोणावर, हा. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत जखमीने चालकाची हयगय सिद्ध करायची असते. पण डोक्याला मार लागलेल्या माणसाला धडकेच्या आधीचे काही सेकंद अनेकदा आठवत नाहीत. तो दगावला असेल तर उरते ते फक्त चालकाचे कथन, आणि ते बहुतेक वेळा ‘दिसलाच नाही’ असे असते. अलाबामा, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलायना आणि व्हर्जिनिया या राज्यांत जुना कठोर नियम टिकून आहे. जखमीची स्वतःची थोडीशी चूक अपघाताला कारणीभूत ठरली, तरी भरपाईवर पाणी सोडावे लागते. वॉशिंग्टन डी. सी. मध्येही हेच होते. तिथे २०१६ च्या कायद्याने सायकलस्वार आणि पादचाऱ्यांची त्यातून सुटका झाली.

नेदर्लंड्सने भार उलटा टाकला. मोटार आणि सायकल यांच्या धडकेत मोटारीचा मालक जबाबदार, हे तत्त्व तिथे १९२४ पासूनचे आहे. आज ते १९९४ च्या रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १८५ मध्ये आहे. सुटका हवी असेल तर अपघात सर्वस्वी अटळ होता हे मालकाने सिद्ध करायचे, आणि ते क्वचितच जमते. १९९० च्या दशकाच्या आरंभी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने याला आकडे जोडले. स्वार चौदा वर्षांखालील असेल तर पूर्ण भरपाई, मोठा असेल तर त्याची चूक असली तरी किमान निम्मी. अपवाद फक्त मुद्दाम किंवा त्याच्या जवळ जाणाऱ्या बेपर्वाईने अपघात ओढवून घेतल्याचा. ‘तिकडे नेहमी मोटारवालाच दोषी ठरतो’ असे या कायद्याबद्दल सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. हा नियम फक्त पैशांबद्दल आहे. चालक गुन्हेगार आहे की नाही हे फौजदारी न्यायालय नेहमीच्या कसोटीवर वेगळे ठरवते. शिवाय पैसे बहुधा चालकाच्या खिशातून जात नाहीत, सक्तीच्या विम्यातून जातात. जो धोका रस्त्यावर आणतो त्याने त्याचा विमाही उतरवावा, एवढाच याचा हिशेब.

फ्रान्समध्ये न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ५ जुलै १९८५ च्या कायद्यानुसार, सायकलस्वाराच्या शारीरिक इजेची भरपाई नाकारायची तर त्याची चूक अक्षम्य असावी लागते आणि अपघाताचे एकमेव कारणही तीच असावी लागते. सोळा वर्षांखालील, सत्तरीपुढील आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्यांच्या बाबतीत तेवढेही चालत नाही. जर्मनीत वाहन चालवणे हाच धोका मानून वाहनधारकाला जबाबदार धरतात, आणि मोटार अपघातात दहा वर्षांखालील मुलावर त्याने मुद्दाम काही केले नसेल तर दोष ठेवत नाहीत.

हेल्मेट आणि दोष : हेल्मेटची सक्ती सर्वप्रथम ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९० मध्ये केली. न्यूझीलंडने १९९४ मध्ये तोच मार्ग धरला. जिथे सक्ती नाही तिथेही हेल्मेट न घातल्याबद्दल विमा कंपन्या भरपाई कापू पाहतात. जर्मनीत रस्त्याकडेच्या एका मोटारीचे दार अचानक उघडले, एक स्त्री त्यावर आदळली आणि तिच्या डोक्याला गंभीर इजा झाली. खालच्या न्यायालयाने हेल्मेट नव्हते म्हणून वीस टक्के दोष तिच्यावर टाकला. जून २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने तो निर्णय फिरवला. इंग्लंडमध्ये २००९ च्या ‘स्मिथ विरुद्ध फिंच’ खटल्यात न्यायाधीशांनी हेल्मेट न घालणे ही अंशदायी हयगय, म्हणजे इजेला हातभार लावणारी जखमीची स्वतःची चूक, ठरू शकते असे मानले. मात्र त्या अपघातात हेल्मेटने फरक पडला असता हे सिद्ध न झाल्याने रक्कम कापली गेली नाही.

रस्ता कुणासाठी बांधला? : रस्त्याच्या देखभालीचे दायित्व हा या विषयाचा दुर्लक्षित कोपरा आहे. खड्ड्यात मोटारीचे टायर फुटते, सायकलस्वाराचे गळपट्टीचे हाड मोडते. अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या कायद्याने स्थानिक संस्थांची जबाबदारी रस्त्याच्या ‘अभिप्रेत आणि परवानगी असलेल्या’ वापरकर्त्यांपुरती ठेवली आहे. दुरुस्ती चालू असलेल्या एका पुलावर पडून जखमी झालेल्या सायकलस्वाराच्या दाव्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये असा निष्कर्ष काढला की सायकलस्वाराला रस्त्यावर परवानगी आहे, पण रस्ता त्याच्यासाठी अभिप्रेत नाही. तसे दाखवणारे पट्टे किंवा फलक तिथे नव्हते, म्हणून संस्था त्याला काही देणे लागत नाही. शिकागोतील एका खड्ड्याच्या प्रकरणात २०२३ मध्ये याच न्यायालयाने तीच भूमिका कायम ठेवली. त्या ठिकाणाजवळ भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचे स्थानक होते, हा मुद्दा फिर्यादीच्या कामी आला नाही.