ऑफिसमधली उपकरणं आणि ओशाचे विजेचे नियम (अमेरिका)

अमेरिकेत कामाच्या जागी विजेपासून सुरक्षितता कशी ठेवायची याचे नियम ओशा ही केंद्र सरकारची संस्था करते. १९७० च्या कायद्यातून ती निघाली आणि १९७१ पासून कामाला लागली, काही राज्यांत (उदा. कॅलिफोर्निया) राज्याची स्वतःची यंत्रणा हे काम बघते. विजेचे नियम २९ सीएफआर (केंद्र सरकारच्या नियमांचा संग्रह) १९१० च्या सबपार्ट एस मध्ये आहेत. वाचायला घेतलं की वाटतं हे सगळं कारखान्यांसाठीच असणार, पण ऑफिसला सूट देणारं कलम त्यात नाहीये, त्यामुळे प्रिंटर, मॉनिटर, झेरॉक्स मशीन, पँट्रीतला कॉफीमेकर, टेबलाखाली लपवलेला हीटर सगळंच यात येतं. हीटर कर्मचाऱ्याने घरून आणला असला तरी तो ऑफिसात वापरला जातोय म्हटल्यावर जबाबदारी ऑफिसच्या मालकाचीच.

पहिली अट म्हणजे उपकरण मान्यताप्राप्त लॅबने तपासलेलं हवं. अशा लॅबना एनआरटीएल म्हणतात, यूएल, सीएसए, इंटरटेक (ईटीएलचा शिक्का यांचाच) वगैरे त्यात आहेत. बरेच जण सीई शिक्का बघून निश्चिंत होतात, पण तो युरोपचा आहे आणि तिथेही बहुतेक वस्तूंवर तो उत्पादक स्वतःच लावतो, ओशाकडे तो एनआरटीएलच्या शिक्क्याच्या जागी चालत नाही. आणि शिक्का असला म्हणजे झालं असंही नाही, कलम १९१०.३०३(बी)(२) सांगतं की वस्तू तिच्या लिस्टिंगमध्ये (लॅबने दिलेल्या मान्यतेत) किंवा लेबलवर दिलेल्या सूचनांप्रमाणेच वापरायची. माझ्या मते ऑफिसच्या दृष्टीने सगळ्यात कामाचं वाक्य हेच, कारण एक्स्टेन्शन बोर्डची सगळी भानगड इथेच येते.

बोर्डात बोर्ड खुपसू नका असं वेगळं कलम शोधत बसलात तर सापडणार नाही. पण या बोर्डांच्या लिस्टिंगमध्येच लिहिलेलं असतं की बोर्ड थेट भिंतीतल्या कायमच्या सॉकेटला लावायचा, दुसऱ्या बोर्डाला नाही, मग सूचना मोडली की ३०३(बी)(२) मोडलं. यामागचं गणितही सोपं आहे. १२० व्होल्टच्या १५ अँपिअर सर्किटवर फार तर १८०० वॅट मिळतात, त्यातले १५०० वॅट म्हणजे साडेबारा अँपिअर एकटा हीटर खातो, मग त्याच लाइनवर लेझर प्रिंटर असेल आणि त्याचा फ्युझर (शाई कागदावर पक्की करणारा गरम भाग) तापायला लागला की ब्रेकर पडतो. ब्रेकर पडला तर नशीब म्हणायचं, खरी भीती असते ती बोर्डाच्या ढिल्या झालेल्या कॉन्टॅक्टची, तिथे उष्णता साठत जाते आणि ब्रेकरला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून हीटर बोर्डावर लावू नका असं हीटर बनवणारेच लिहून देतात.

वायरींचे नियम १९१०.३०५(जी) मध्ये आहेत. लवचिक वायर कायमच्या वायरिंगऐवजी वापरायची नाही, भिंतीच्या किंवा जमिनीच्या भोकातून, दारातून, खिडकीतून न्यायची नाही, फॉल्स सीलिंगच्या वर दडवायची नाही. मीटिंग रूममध्ये प्रोजेक्टर बसवताना नेमकं हेच शेवटचं केलं जातं. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडणं किंवा अर्थिंग तुटेल असा अडॅप्टर लावणं हेही बंद (१९१०.३३४).

तपासणीच्या बाबतीत नियम बराच समजूतदार आहे. हलवाहलव होणारी उपकरणं आणि एक्स्टेन्शन वायरी प्रत्येक शिफ्टमध्ये वापरण्याआधी नुसत्या नजरेने बघायच्या, पण एकदा लावून ठेवलेली आणि धक्का-घर्षण न लागणारी वस्तू जागेवरून हलवेपर्यंत बघायची गरज नाही. म्हणजे डेस्कमागचा मॉनिटर रोज तपासावा लागत नाही, ऑफिसची जागा बदलली की मात्र लागतो. वायरीचं वरचं आवरण फाटलेलं दिसलं की ती वस्तू दुरुस्त होऊन तपासली जाईपर्यंत कुणीही वापरायची नाही.

झेरॉक्स मशीन उघडून दुरुस्त करायचं तर लॉकआउट-टॅगआउट (दुरुस्ती चालू असताना वीज कुणी चालू करू नये म्हणून कुलूप आणि पाटी लावणं, कलम १९१०.१४७) लागतं का, हा प्रश्न नेहमी येतो. विजेचाच धोका असेल, प्लग काढलेला असेल आणि तो प्लग दुरुस्ती करणाऱ्याच्याच ताब्यात असेल तर हे कलम लागू होत नाही. प्लग कपाटामागे लोंबकळतोय आणि माणूस दुसऱ्या बाजूला वाकलाय, याला ताबा म्हणत नाहीत.

विजेच्या पॅनलसमोर साधारण ३ फूट खोल आणि ३० इंच रुंद जागा मोकळी लागते, तिथे कागदाचे खोके रचायचे नाहीत. बाथरूममधल्या सॉकेटना जीएफसीआय (वीज गळाली की लगेच पुरवठा तोडणारं उपकरण) लागतो, ही अट २००७ च्या सुधारणेनंतर केलेल्या वायरिंगला आहे.

घरून काम करणाऱ्यांसाठी २००० साली ओशाने निर्देश काढला, त्यानुसार कर्मचाऱ्याच्या घरातल्या ऑफिसची तपासणी ओशा करत नाही.