मातीतल्या वायूचे नमुने: एनएबीएलच्या अर्जाआधी ‘ब्लँक’ची फाइल

पेट्रोल पंपाच्या जुन्या टाकीतून बेंझिन झिरपलंय का, हे तिथल्या मातीतल्या वायूवरून कळतं. सोलापूरच्या एखाद्या प्रयोगशाळेला या तपासणीसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता हवी असेल, तर पात्रता तशी सरळ आहे. संस्थेची कायदेशीर नोंदणी हवी, काम आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालू हवं, आणि अर्जाआधी एकदा तरी इंटर्नल ऑडिट व मॅनेजमेंट रिव्ह्यू झालेला हवा. नमुने तुमचीच माणसं घेणार असतील तर स्कोपमध्ये, म्हणजे मान्यता हव्या असलेल्या कामांच्या यादीत, तसं लिहा. अनेकजण नेमकं तेच विसरतात.

नोंदणीचा दाखला, कार्यपद्धती, उपकरणांची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रं हे कागद कुणीही जमवतो. खरी कसोटी असते ती यंत्रसामग्रीच्या स्वच्छतेच्या पुराव्याची. नमुन्यात सापडलेलं बेंझिन मातीतलं की तुमच्याच नळीतलं? याचं उत्तर इक्विपमेंट ब्लँक देतो. धुतलेली सळई (मातीत खुपसून वायू ओढायची पोकळ दांडी), नळी, जोड सगळं नेहमीसारखं जोडायचं, त्यातून शुद्ध नायट्रोजन सोडायचा, तो कॅनिस्टरमध्ये, म्हणजे हवा काढून घेतलेल्या धातूच्या डब्यात, भरायचा आणि इतर नमुन्यांसारखाच तपासायचा. त्यात काही निघालं तर तो आकडा नमुन्यातून वजा करून मोकळं व्हायचं नाही. अहवालात खूण करून कारण शोधायचं. आमच्याकडे एकदा झायलीन निघालं. दोन दिवस सळया घासल्या. शेवटी सापडला तो लेबलं लिहायचा मार्कर, नळ्यांच्याच पिशवीत!

ब्लँकच्या निकालासोबत कॅनिस्टर स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र, भरण्याआधीचा आणि नंतरचा निर्वात दाब, गळती चाचणीची नोंद आणि नमुना कुणाच्या हातून कुणाकडे गेला त्याचं पत्रक लावा. नळी दर भोकाला नवी, तीही टेफ्लॉन किंवा नायलॉनची. सिलिकॉनची नळी वाफा शोषते, मग पुढच्या नमुन्यात सोडते.

आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. भेगेतून वरची हवा आत ओढली जाते आणि नमुना पातळ होतो. म्हणून सळईभोवती बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी चिकणमाती) ओलं करून नीट दाबा, वर हेलियम वायू भरलेली टोपी ठेवा; नमुन्यात हेलियम आला की गळती पकडली. वायू ओढण्याचा वेग मिनिटाला २०० मिलिलिटरच्या आत ठेवा.

अर्ज ऑनलाइन भरायचा, शुल्कही तिथेच. मूल्यांकनाला आलेले तज्ज्ञ जागेवर नमुना घेऊन दाखवायला सांगू शकतात. त्या दिवशी हातमोजे नवे घाला, सॅनिटायझर गाडीतच राहू द्या, आणि जनरेटर वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला, लांब ठेवा.