वर्गासाठी काढलेली झेरॉक्स आणि प्रताधिकार

संशोधन नियतकालिकातला लेख वर्गात वाटायचा तर प्रकाशकाची परवानगी लागते का? भारतात याचे उत्तर १९५७ च्या प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात होतेच. पण शिक्षक वा विद्यार्थ्याने ‘अध्यापनाच्या ओघात’ काढलेली प्रत म्हणजे उल्लंघन नव्हे, या वाक्याचा अर्थ लागायला दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले एक झेरॉक्सचे दुकान निमित्त ठरले.

ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांची मुद्रणालये आणि टेलर अँड फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस आणि दिल्ली विद्यापीठ यांच्याविरुद्ध दावा लावला. अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच दुकानदार पैसे घेऊन बांधून देतो, म्हणजे हे अध्यापन नसून धंदा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी १६ सप्टेंबर २०१६ रोजी तो दावा फेटाळताना अध्यापन म्हणजे केवळ तासभराचे व्याख्यान नव्हे, तर संपूर्ण सत्राची तयारी, वाचन आणि उजळणी असे धरले. ग्रंथालयात बसून हाताने उतरवून घेणे चालते तर यंत्राने का नाही, हा त्यामागचा साधा तर्क होता. डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो अर्थ कायम ठेवला, मात्र संचातला मजकूर शिकवण्यासाठी खरोखर आवश्यक होता का, एवढ्या मुद्द्यापुरता दावा पुन्हा उभा केला. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो मागे घेतला.

ब्रिटनच्या कायद्यात शैक्षणिक संस्थेला एखाद्या कृतीचा (म्हणजे पुस्तक, लेख अशा रचनेचा) बारा महिन्यांत जास्तीत जास्त ५ टक्के भाग घेता येतो, आणि परवाना उपलब्ध असेल तर तीही सवलत उरत नाही. असा आकडा आपल्या कायद्यातल्या ‘अध्यापनाच्या ओघात’ या कलमात वाचायला खंडपीठाने नकार दिला. माझ्या मते निकालाचे खरे वजन इथेच आहे, कारण दहा पानांचा लेख टक्क्यांत मोजायला गेले की त्यातले अर्धे पानच हाती येते.

दावा पुस्तकांच्या प्रकरणांवरून झाला असला तरी कलमातला शब्द ‘कृती’ असा असल्याने नियतकालिकातला लेखही त्यात बसतो. मात्र आता नियतकालिके छापील अंकांऐवजी ऑनलाइन सभासदत्वाने येतात, आणि किती डाउनलोड करावे, कोणाला द्यावे, हे ग्रंथालयाने सही केलेल्या करारात लिहिलेले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र, एक सभासदत्व’ योजनेत तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आहेत, तेही अशाच करारांसाठी.