ही कुर्ती किती धुणी काढेल?

कॉटनची कुर्ती आणि रेयॉनची कुर्ती पाण्यात बुडवली की दोघींचं वागणं उलटं होतं. कापसाचा तंतू ओला झाला की कोरड्यापेक्षा साधारण १० ते २० टक्के मजबूत होतो. रेयॉनचा तंतू मात्र ओला झाल्यावर जवळजवळ निम्मी ताकद गमावतो. ठाण्यात गोखले रोडपासून जांभळी नाक्यापर्यंत तीनशे-चारशे रुपयांना टांगलेल्या कुर्त्यांमध्ये रेयॉनच्या कुर्त्या भरपूर असतात. त्या आपण भिजवतो, काखेत आणि गळ्याशी घासतो, मग पिळतो. कापड सगळ्यात दुबळं असतं, नेमका तेव्हाच त्याच्यावर सगळ्यात जास्त जोर पडतो.

गंमत अशी की रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही एकच पदार्थ, सेल्युलोज. ग्लुकोजचे रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. कापसाच्या बोंडात ही साखळी हजारो रेणूंची वाढते आणि थरांवर थर चढत तंतू भरत जातो. रेयॉन लाकडाच्या लगद्यापासून बनतं. लगदा रसायनांत विरघळवतात, बारीक छिद्रांतून दाबतात आणि पुन्हा त्याचा तंतू घडवतात. या प्रवासात साखळ्या तुटून काही शेकडा रेणूंच्या उरतात आणि त्यांची रचनाही कापसाइतकी नीटस राहत नाही. मग पाणी शिरायला जागाच जागा. साखळ्यांना एकमेकींशी धरून ठेवणारे हायड्रोजनचे बंध पाणी सोडवतं, तंतू फुगतो, आणि ओढ बसली की साखळ्या घसरतात. कापसाच्या लांब साखळ्यांना पाण्यामुळे थोडी हालचाल मिळते, त्यामुळे ओढ एका जागी न साठता सगळीकडे वाटली जाते.

म्हणून रेयॉन टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही. त्याची पडण सुंदर असते, रंग त्यावर खुलतो, घामही ते चांगलं शोषतं. फक्त ते पिळायचं नाही. हाताने हलकं दाबून पाणी काढायचं आणि आडवं पसरून वाळवायचं. लेबलवर ‘मोडाल’ किंवा ‘लायोसेल’ लिहिलं असेल तर त्याच कुळातले हे तंतू ओलेपणी बरेच जास्त टिकतात. किंमत थोडी जास्त पडते, पण रोज नेसायच्या-घालायच्या कपड्याला ती देण्यासारखी आहे.

आता गोळ्यांकडे वळू. नवा टॉप चार वेळा घातला की पर्सचा पट्टा जिथे घासतो त्या खांद्यावर आणि कमरेशी बारीक गोळे दिसू लागतात. ते का येतात हे समजायचं तर तंतूच्या लांबीपर्यंत जावं लागतं. भारतात २० मिलिमीटरपेक्षा आखूड तंतूपासून ३२ मिलिमीटरच्या पुढच्या अतिलांब तंतूपर्यंत सगळ्या प्रतींचा कापूस पिकतो. सूत म्हणजे असे असंख्य तंतू पीळ देऊन एकमेकांत अडकवलेले. तंतू लांब असेल तर तो शेजारच्या तंतूंना जास्त अंतरभर धरून राहतो. आखूड असेल तर त्याचं टोक लवकर बाहेर येतं. लोकलच्या गर्दीत घासाघीस झाली की ही सुटी टोकं एकमेकांत गुंततात आणि गोळा होतो.

कापसाच्या तंतूची लांबी, जाडी, ताकद मोजण्याचं काम माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९२४ पासून चालू आहे. ठाण्याहून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर असलेल्या या संस्थेचं नाव आपल्यापैकी बहुतेकींनी ऐकलेलं नसतं, आणि याचं मला वाईट वाटतं. कारण चांगल्या कपड्याची सुरुवात तिथे जे मोजतात त्यातूनच होते. गिरणीत कापूस विंचरून आखूड तंतू बाजूला काढले की त्या सुताला ‘कोम्ब्ड’ म्हणतात. विंचरताना बराच कापूस वेगळा निघतो, म्हणून सूत महाग होतं. पण तेच गुळगुळीत राहतं, गोळे कमी धरतं आणि बारीकही कातता येतं. दुकानदार ‘साठ काउंट’ म्हणतो तेव्हा तो सुताचा बारीकपणा सांगत असतो. आकडा वाढला की सूत बारीक. बारीक सूत मजबूत हवं असेल तर लांब तंतूला पर्याय नाही.

ठाण्याला हे तत्त्व अनोळखी नाही. रेमंडची सुरुवात १९२५ मध्ये इथल्याच लोकरीच्या गिरणीतून झाली आणि पुढे हे नाव पुरुषांच्या सुटिंगशी जोडलं गेलं. वर्स्टेड सुटिंग म्हणजे लांब, विंचरलेल्या, समांतर लावलेल्या लोकरीच्या तंतूंचं कापड. पँटपीस घेताना आपल्या घरातली मंडळी कापड चिमटीत धरून, चुरगाळून, उजेडात नेऊन बघायची. बायकांच्या तयार कपड्यांना हीच परीक्षा का लागू नये? मुलीच्या कॉलेजच्या कुर्तीला आणि ऑफिसला जाणाऱ्या बाईच्या टॉपला तेवढ्याच वर्षांचं आयुष्य मिळायला हवं.

गोळ्यांबद्दल आणखी एक गोष्ट. शुद्ध कापसावर आलेले गोळे बऱ्याचदा आपोआप गळून पडतात, कारण त्यांना धरून ठेवणारे तंतू तुटतात. पॉलिस्टर-कॉटन मिश्रणात पॉलिस्टरचा तंतू इतका चिवट असतो की तो तुटत नाही. गोळा त्याला लोंबकळत राहतो आणि कपडा लवकर जुना दिसतो. कापड अजून धड असतं, पण बाहेर घालावंसं वाटत नाही.

रंगाचं शास्त्र त्याहून रंजक आहे. पूर्वी कापसावर वापरले जाणारे बरेच रंग तंतूला नुसते चिकटून बसत. १९५६ मध्ये बाजारात आलेल्या रिॲक्टिव्ह रंगांनी हे बदललं. हे रंग सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात, म्हणजे रंगाचा रेणू तंतूचाच भाग होतो. मग अशाच रंगात रंगवलेली कुर्ती पहिल्या धुण्याला बादली लाल का करते? रंगवताना रंगाचा काही भाग तंतूऐवजी पाण्याशीच अभिक्रिया करतो. तो निकामी झालेला रंग कापडात अडकून राहतो. चांगल्या कारखान्यात गरम पाण्याने आणि साबणाने कापड पुन्हा पुन्हा धुऊन तो काढून टाकतात. यात पाणी, इंधन आणि वेळ जातो. स्वस्त मालात काटछाट होते ती इथे. गडद मरून, काळा, नेव्ही ब्लू या रंगांत रंगाचं प्रमाण जास्त असल्याने ही लबाडी लवकर उघडी पडते.

दुकानात याची चाचणी सोपी आहे. पांढरा रुमाल थोडा ओला करून कुर्तीच्या आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासायचा. प्रयोगशाळेतही मुळात हेच करतात. तिथे पांढऱ्या कापडावर उतरलेल्या रंगाला १ ते ५ अशी श्रेणी देतात आणि ५ म्हणजे उत्तम. छापील कुर्तीची मागची बाजूही पाहावी. पिगमेंट छपाईत रंग चिकट पदार्थाच्या मदतीने वरच्यावर बसवलेला असतो. छाप असेल तिथे कापड हाताला ताठ लागतं, आणि काही धुण्यांनंतर घड्यांवर तो रंग उडतो. रिॲक्टिव्ह छपाईत कापडाचा मऊपणा जात नाही.

कापड चांगलं असूनही कपडा वाया जाऊ शकतो, तो कापणीत. कपड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचा असतो. कारखान्यात थरांवर थर अंथरून त्यावर पुढा, पाठ, बाही यांचे आकार बसवतात. आकार जरासा तिरपा केला की त्याच लांबीत आणखी एखादा तुकडा बसतो. पण विणलेल्या कापडात ताणा उभा आणि बाणा आडवा असतो. या दोन दिशांना कापड फार ताणत नाही, तिरक्या दिशेला मात्र सहज ताणतं. तिरपा कापलेला पुढा वजनाने आणि धुण्याने हळूहळू झुकतो. बाजूची शिवण फिरून मांडीवर पुढे येते आणि खालची कड एका बाजूला लोंबते. इस्त्रीने हे दुरुस्त होत नाही. कुर्तीच्या पुढ्याच्या मधोमध, खालच्या कडेजवळ, कापड उजेडासमोर धरा. उभे धागे कुर्तीच्या उभ्या मध्यरेषेला समांतर दिसायला हवेत. तिरपे दिसले तर कुर्ती परत टांगून ठेवावी.

मग शिवण. दोन बाजूंना धरून हलकेच ओढल्यावर शिवणीतून उजेड दिसला तर टाके सैल आहेत किंवा लांब आहेत. रोजच्या कॉटनच्या कपड्यात इंचाला दहा-बारा टाके असले की शिवण नीट धरते. सहा-सात टाक्यांत मशीन लवकर पुढे सरकतं, दोरा वाचतो आणि मालाचा भाव उतरतो. जॉर्जेट आणि सॅटिनसारख्या घसरड्या कापडात दोरा न तुटताच शिवण उघडते, कारण कापडाचेच धागे टाक्यांपासून सरकतात. म्हणून अशा कापडाला आत मार्जिन जास्त हवं.

मार्जिन हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. आपल्याकडे ब्लाउज शिवताना टेलर दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच कापड आत दाबून ठेवतो. लग्नातला ब्लाउज बाळंतपणानंतर उसवून सैल करता येतो, तो याच दाबलेल्या कापडामुळे. बाईचं शरीर वयाबरोबर बदलतं, हे गृहीत धरून केलेली ही योजना आहे. तयार कुर्तीत शिवणीबाहेर जेमतेम एक सेंटिमीटर कापड असतं, तेही इंटरलॉक करून कापून टाकलेलं. अर्धा इंच सैल करायचा म्हटला तरी तिथे काही नसतं. दुकानात कुर्ती उलटी करून हे पाहायला अर्धं मिनिट पुरतं, आणि त्यात कपड्याबद्दल जे कळतं ते लेबल सांगत नाही.

आता हवेचं पाहू. ठाण्यात, वाशीत, बेलापुरात बाईचा उन्हाळा घामात जातो. सामान्य हवेत कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरतो, रेयॉन ११ ते १३ टक्के, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. साध्या पॉलिस्टरच्या टॉपमध्ये घाम अंगावरच राहतो, त्याचं कारण हे. शिवाय पॉलिस्टरला तेलाची ओढ असते, पाण्याची नाही. त्वचेवरचं तेल त्यात मुरतं आणि साबणाने पूर्ण निघत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा पॉलिस्टरवर मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू जास्त फोफावलेले आढळले आणि वासही जास्त होता.

पण जुलै-ऑगस्टमध्ये हिशेब बदलतो. हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. फ्लॅटच्या छोट्या बाल्कनीत जाड कॉटनचा कुर्ता दोन-दोन दिवस वाळत नाही, त्याला कुबट वास लागतो, बुरशीचे ठिपकेही पडतात, कारण सेल्युलोज हे बुरशीचं खाद्य आहे. त्या दोन महिन्यांसाठी पातळ टेरीकॉट किंवा मिश्र धाग्याचे दोन-तीन कुर्ते ठेवणं शहाणपणाचं आहे. फक्त ते मशीनमध्ये धुताना पूर्ण भरलेल्या ड्रममध्ये, थंड पाण्यात आणि कमी वेळ फिरवावेत. सिंथेटिक कापडातून धुताना सूक्ष्म तंतू सुटतात आणि सांडपाण्यात जातात. घर्षण कमी तर तंतूही कमी. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाची मानलेली, पाणथळ जागा आहे, तिथे दरवर्षी रोहित पक्षी चरायला येतात. ती खाडी आपल्याच मोऱ्यांच्या टोकाला आहे.

यावरून महाग म्हणजे टिकाऊ असा अर्थ काढू नये. मॉलमधल्या किमतीत जागेचं भाडं, जाहिरात आणि ब्रँडचं नाव असतं. तंतूची लांबी, रंगाचं धुणं आणि इंचाला किती टाके, हे त्या आकड्यावरून कळत नाही. राम मारुती रोडवर सातशे रुपयांत उत्तम कॅम्ब्रिकची, म्हणजे बारीक सुताच्या दाट विणीच्या कॉटनची, कुर्ती मिळू शकते आणि अडीच हजारांच्या कुर्तीची शिवण उघडीही निघू शकते. हिशेब करायचा तो धुण्याचा. चारशेची कुर्ती दहा धुण्यांत विटली तर एका वेळेला चाळीस रुपये पडले. बाराशेची शंभर धुणी टिकली तर बारा रुपये.

आणखी चांगला मार्ग म्हणजे कापड घेऊन शिवून घेणं. अजून नौपाड्यात आणि वाशीच्या गल्ल्यांत मन लावून शिवणारे टेलर आहेत. त्यांना आधीच सांगावं, “काका, बाजूला आत इंचभर दाबून ठेवा.” कापड मात्र शिवायला देण्याआधी एकदा भिजवून वाळवावं. मागावर आणि प्रक्रियेत धागे ताणलेले असतात. पहिल्या पाण्यात ते सैलावून मूळ लांबीवर येतात, आणि त्यालाच आपण कापड आटलं म्हणतो. १९३० मध्ये पेटंट झालेल्या सॅन्फोरायझिंग प्रक्रियेत कारखानाच हे आटणं आधी करून देतो, पण सुटं विकलं जाणारं सगळं कापड त्यातून गेलेलं नसतं. भिजवताना खळ उतरते आणि कापडाचा खरा पोतही हाताला लागतो. अस्तराचं कापडही वेगळ्या बादलीत त्याच दिवशी भिजवावं. वरचं कापड आटून झालं आणि अस्तर नंतर आटलं, तर ते आतून खेचतं आणि कुर्त्याच्या पुढ्याला चुण्या पडतात. त्या घालवायच्या तर अस्तर उसवून पुन्हा बसवावं लागतं.