छर्रा, फळी आणि पॉइंट टू टू

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकहून कांस्यपदकाची बातमी आली आणि कोल्हापुरात एअर रायफलच्या चौकशा सुरू झाल्या. वर्ग कुठे भरतात, बंदूक केवढ्याला पडते, मूल किती वर्षांचं असावं. उत्साहावर विरजण घालायचं नाही, पण राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ४५१.४ गुणांवर मिळवलेलं ते पदक एअर रायफलचं नव्हतंच. ते ५० मीटर थ्री पोझिशनचं होतं. गुडघ्यावर बसून, पालथं पडून आणि उभं राहून मारायचं, आणि रायफल दारूच्या काडतुसावर चालणारी. त्याची जडणघडणही मुख्यतः नाशिक-पुण्याकडची. मिरवणूक मात्र आपण काढली, आणि काढायलाच हवी होती.

कोल्हापूरची बाकीची मोठी पदकंही बहुतेक दारूचीच. म्युनिकचं २०१० चं जागतिक विजेतेपद ५० मीटर प्रोनमधलं, म्हणजे नुसतं पालथं पडून मारायचं, २०१८ च्या आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण २५ मीटर पिस्तुलातलं. हवेच्या बंदुकीवरचं एक ठळक यश २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेतलं. तिथे १० मीटर एअर रायफलमध्ये एकेरी आणि जोडी, दोन्ही सुवर्णपदकांत कोल्हापूरची मुलगी होती. पुढे म्युनिकला जगज्जेती झाली ती हीच. हवेकडून दारूकडे, हा रस्ता तेव्हापासून नेहमीचा.

मग गोंधळ कुठून येतो? मला वाटतं, दोन शब्दांतून. पहिला ‘पॉइंट टू टू’. हे नळीच्या छिद्राचं इंचातलं माप, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर. या मापाची काडतुसाची रायफल असते, एनसीसीच्या कॅम्पमध्ये पालथं पडून चालवलेली अनेकांना आठवेल. आणि याच मापाची हवेची बंदूकही असते. स्पर्धेतली एअर रायफल यांपैकी कुठलीच नाही. तिचं माप पॉइंट वन सेव्हन सेव्हन, म्हणजे ४.५ मिलिमीटर. तेव्हा ‘पोरगा पॉइंट टू टू मारतो’ एवढं ऐकून परवाना लागतो का, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरा शब्द ‘छर्रा’, आणि तो जास्त त्रासाचा. मूळ अर्थाने छर्रे म्हणजे बारा बोरच्या काडतुसात भरलेले शिशाचे बारीक गोल दाणे. एका बारात डझनांनी, कधी शेकड्यांनी सुटतात आणि पसरत जातात. एअर रायफलची गोळी एकटी जाते. तिची कंबर बारीक, शेपटीकडचा घेर पोकळ, जणू छोटा डमरू. रेंजवर तिला पेलेट म्हणतात, बाहेर सगळीकडे छर्राच. जुलै २०१६ मध्ये काश्मीरमधल्या ‘पेलेट गन’च्या जखमांचे फोटो रोज छापून येत होते. ती बंदूक म्हणजे दाणे फेकणारी शॉटगन, हवेशी तिचा काही संबंध नाही. पण मराठी बातम्यांतही शब्द तोच राहिला, ‘पेलेट गन’ किंवा ‘छर्र्यांची बंदूक’. आणि नेमक्या त्याच महिन्यात केंद्राची नवी शस्त्र नियमावली आली, तिच्यात एअरगनसाठी नवी रेघ होती. दोन्ही बातम्या एकाच डोक्यात शिरल्यावर पालकांनी काय समजायचं? ‘आता छर्र्याच्या बंदुकीवर बंदी आली म्हणे,’ हे वाक्य मी त्या पावसाळ्यात किती वेळा ऐकलं, त्याची गणती नाही.

बंदी आली नव्हती, कसोटी बदलली होती. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ मध्ये लागू झाला तेव्हापासून हवेच्या बंदुकीला परवान्यातून सूट होती, पण एका अटीवर. एक इंच जाडीची मऊ लाकडाची फळी समोर ठेवायची, पाच फुटांवरून गोळी झाडायची. आरपार गेली नाही तर सूट. मोजण्याचं यंत्र जवळ नसतानाची ही सुताराची कसोटी. पण फळी किती वाळलेली, तिच्यात गाठ कुठे, यावर निकाल फिरणारच. पुढे प्राणिमित्र न्यायालयात गेले. एअरगनने पक्षी मारले जातात आणि बंदूक कुणालाही विकत मिळते, हा त्यांचा मुद्दा होता. तो खोटा नव्हता. शिवारात गलोलीची जागा बंदुकीने घेतलेली आपणही पाहिली आहे.

२०१६ च्या नियमांनी फळी बाजूला ठेवली. नळीच्या तोंडाशी गोळीची ऊर्जा २० जूलच्या आत आणि माप ४.५ मिलिमीटरपर्यंत असेल, तर परवाना नको. दोन्हींपैकी एक जरी ओलांडलं तरी हवा. आता हिशेब करून पाहा. स्पर्धेतली रायफल साधारण अर्ध्या ग्रॅमची गोळी सेकंदाला १७०-१७५ मीटर वेगाने सोडते. ऊर्जा येते सुमारे आठ जूल, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तेवढीच गोळी २० जूलपर्यंत न्यायची तर वेग २८० च्या पुढे लागतो, आणि असला वेग कागदाला भोक पाडायला कुणी मागत नाही. रेघ खेळाला धक्का न लावता ओढली आहे, असं माझं मत. साडेपाच मिलिमीटरची हळू चालणारी हौशी बंदूकही त्यात परवान्याखाली गेली, याची कुरकुर काही लोक करतात. त्यांचं थोडं खरं आहे, पण ती बंदूक कुठल्याच ऑलिम्पिक प्रकारात बसत नाही.

संस्थानकाळातल्या शिकारीशी या खेळाचं नातं जोडायची आपल्याकडे हौस आहे. कोल्हापूरचे चित्ते, काळविटांमागच्या धावा, दाजीपूरचं रान. ऐकायला छान, पण धागा जुळत नाही. ते रान १९५८ मध्येच अभयारण्य झालं, १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक बंधनं आणली, आणि एअर रायफल ऑलिम्पिकमध्ये आली १९८४ ला. शिकाऱ्याला हलणारं जनावर हवं. इथे दहा मीटरवर अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो, आणि सगळी शिकस्त आपण न हलण्याची. जत्रेतला फुग्यांचा फळा मला जास्त जवळचा पूर्वज वाटतो. नळी दुमडून भरायची कमानीची (स्प्रिंगची) बंदूक, नळीच्या टोकावरची नेमाची वाकडी माशी, ग्रीसचा वास. कुणालाही दहा-वीस रुपयांत नेम धरून बघता येतो.

हवेचं खरं भांडवल जागा आणि परवाना हेच. पन्नास मीटरला मोकळी रेंज लागते, कोल्हापुरातल्या दुधाळीसारखी, वर काडतुसांचा खर्च आणि शस्त्राचा परवाना. दहा मीटर एखाद्या हॉलमध्ये मावतात. २००८ च्या बीजिंग सुवर्णानंतर देशभर या हॉलना गर्दी झाली. ते पदक मात्र खरोखर एअर रायफलचं होतं, ५९६ अधिक अंतिम फेरीचे १०४.५. २०१३ पासून प्राथमिक फेरीतही गुणांचे दशांश मोजू लागले आणि ‘दहा’ पुरेनासा झाला, १०.३ की १०.८ हा फरक आला. जुन्या कमानीच्या बंदुका तर त्याच्या कितीतरी आधीच मागे पडल्या होत्या. आता सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबलेली हवा भरतात. झटका जवळजवळ नाही, पण रायफल लाखांत जाते.

म्हणून शिकाऊ मुलांच्या हातात बहुधा जुनी, दुसऱ्याने वापरलेली रायफल येते. ती घेताना लोक नळी बघतात, लाकूड बघतात, ट्रिगर दाबून बघतात. सिलिंडरवर कोरलेली तारीख बघायची राहते. आंतरराष्ट्रीय नियमांत तिची मुदत दहा वर्षांचीच आहे, आणि पॅरिसनंतर बाजारात फिरणाऱ्या रायफलींपैकी काही बीजिंगच्या लाटेतल्या आहेत.