तापमानाच्या तक्त्यातला नवा रकाना

कपाशी किती दिवसांची झाली, हे खानदेशात कुणीही शेतकरी पटकन सांगेल. पण झाडाची वाढ नुसत्या दिवसांवर ठरत नाही, त्या दिवसांत मिळालेल्या उष्णतेवरही ठरते. ती मोजायला ‘अंश-दिवस’ हे माप आहे. कमाल आणि किमान तापमानाची सरासरी काढायची आणि त्यातून १५.५ वजा करायचे. कपाशीसाठी हे पायाभूत तापमान धरतात. त्याखाली वाढ जवळपास थांबते. कमाल ३६ आणि किमान २५ असेल, तर त्या दिवसाचे १५ अंश-दिवस.

जळगाव किंवा धुळ्याच्या हंगामभराच्या नोंदी हाताशी असतील, तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पांडाज लायब्ररीत (तक्त्यांवर काम करण्यासाठीच्या तयार साधनसंचात) एवढी एक ओळ पुरते:

तक्ता["उष्णता"] = (तक्ता["कमाल"] + तक्ता["किमान"]) / 2 - 15.5

ही ओळ अशीच्या अशी चालते. पायथन ३ देवनागरी नावं स्वीकारतो, फक्त आकडे इंग्रजी लागतात. डावीकडे नव्या रकान्याचं नाव, उजवीकडे नियम. तो सगळ्या ओळींना एकदम लागू होतो आणि मूळ नोंदींना धक्का लागत नाही. एक्सेलची सवय असलेल्यांनी मात्र एक लक्षात ठेवावं: नंतर एखादं कमाल तापमान दुरुस्त केलं, तर ‘उष्णता’ आपोआप बदलत नाही. ती ओळ पुन्हा चालवावी लागते.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न. जूनच्या सुरुवातीला पारा ४२ वर आणि रात्री २८ असेल, तर सूत्र १९.५ अंश-दिवस देतं. पण उन्हाच्या तडाख्यात झाड त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून काही पद्धतींत कमाल तापमानाला वरची मर्यादा घालतात. ती ३८ धरली, तर उत्तर १७.५ येतं. पांडाजमध्ये हे काम ‘क्लिप’ (clip) ही आज्ञा करते. खानदेशासाठी अशी मर्यादा घालायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. नाहीतर पीक कागदावरच पुढे पळतं.

याहून घातक असते ती सुटलेली नोंद. किमान तापमान रिकामं असेल, तर त्या दिवसाची उष्णताही रिकामीच राहते, आणि ते योग्यच आहे. पण पुढे ‘कमसम’ (cumsum) ही आज्ञा वापरून हंगामाची चढती बेरीज केली, की ती रिकामी जागा निमूट ओलांडली जाते. म्हणजे त्या दिवशी उष्णता शून्य होती, असं धरल्यासारखंच झालं. आठवडाभराच्या नोंदी नसतील, तर शंभरेक अंश-दिवस कुठलीही सूचना न येता गळू शकतात. म्हणून बेरजेआधी रिकाम्या नोंदी मोजाव्यात आणि जवळच्या केंद्राच्या आकड्यांनी भरलेल्या ओळींवर वेगळ्या रकान्यात खूण करावी.

गुलाबी बोंडअळीच्या पिढ्यांचा अंदाजही अंश-दिवसांवरूनच बांधतात. तिचं पायाभूत तापमान वेगळं असतं, म्हणून तिच्यासाठी त्याच तक्त्यात आणखी एक रकाना घालायचा. कमाल-किमानच्या नोंदी त्याच राहतात.