बिल्डरने सोडलेली धोकादायक वायरिंग : महारेराकडे तक्रार, पात्रता आणि कागदपत्रे

ताबा मिळून आठ महिने झाले होते. बाथरूमच्या नळाला ओला हात लागला की बोटांना मुंग्या यायच्या. वायरमनने गिझरच्या सॉकेटची प्लेट उघडली. हिरवी वायर होती, पण तिचं टोक कापून पेटीच्या मागे दुमडून ठेवलेलं, आणि अर्थच्या टर्मिनलवरून काळ्या वायरचा बोटभर तुकडा थेट न्यूट्रलला जोडलेला. टेस्ट लॅम्प लावून बघणाऱ्याला अर्थिंग आहे असंच वाटावं. अशा जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर गिझरची बॉडीच फेजवर येते, म्हणजे तिच्यात थेट वीज उतरते. वायरमन म्हणाला, "नवी अर्थ ओढून देतो, तासाभराचं काम." मी हो म्हटलं. पुढे बिल्डरच्या माणसाने शांतपणे सांगितलं, "आमचं काम असं नव्हतंच. तुमच्याच वायरमनने उघडलंय ना?" माझ्याकडे एक फोटोही नव्हता.

म्हणून पायऱ्यांचा क्रम आधी. धोका दिसला की त्या सर्किटचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा, त्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा आणि तो पॉइंट वापरणं बंद करा. दुरुस्ती लगेच करू नका. सर्किट बंद ठेवणं शक्यच नसेल, तर बिल्डरला ईमेलने कळवून परवानाधारक ठेकेदाराकडून काम करून घ्या, प्लेट उघडल्यापासूनचा सलग व्हिडिओ काढा आणि काढलेल्या वायरचे तुकडे पिशवीत जपून ठेवा.

आता पात्रता. महारेरा म्हणजे महाराष्ट्राचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ मधलं कलम १४(३) आपल्या कामाचं. ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला, कामाच्या दर्जातला किंवा सेवांमधला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा. नाही केला तर भरपाईचा हक्क. अनेकांना वाटतं हे फक्त गळती आणि तड्यांपुरतं आहे. तसं नाही. कायद्याच्या शब्दांत कामाचा दर्जा आणि सेवा दोन्ही येतात, त्यामुळे वायरिंगचा दोष त्यात बसतो.

तक्रार करणारा 'अलॉटी', म्हणजे कायद्याच्या भाषेत ज्याला सदनिका मिळाली तो, हवा. मूळ खरेदीदार अलॉटी असतोच, पण रीसेलमध्ये घर घेणाराही असतो. भाडेकरू मात्र नाही. रीसेलवाल्यांनी पाच वर्षं आपल्यापासून नव्याने सुरू होतील असं धरून बसू नये. मीटर रूम, चढत्या मुख्य केबल, अर्थिंगचा खड्डा अशा सामाईक भागातला दोष असेल, तर सोसायटीच्या नावाने तक्रार करणं बरं. खरेदीदारांच्या संघटनेला तो अधिकार आहे. १ मे २०१७ पूर्वी पूर्णत्वाचा दाखला मिळालेले प्रकल्प, तसंच जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असलेले प्रकल्प सहसा नोंदणीत नसतात. अशा घरासाठी ग्राहक आयोगाची वाट, ती पुढे सांगतो.

प्रकरण उभं राहतं ते तांत्रिक अहवालावर, त्यामुळे सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ओळखीच्या वायरमनचा "वायरिंग खराब आहे" असा लेटरहेडवरचा शेरा चालत नाही. राज्य शासनाचा परवाना असलेला विद्युत ठेकेदार गाठा, परवाना क्रमांक अहवालावर येऊ द्या आणि मोजमापं मागा. मेगरने ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन तपासतात. घरगुती वायरिंगला किमान १ मेगाओहम यायला हवा. प्रत्येक थ्री-पिन सॉकेटच्या मोठ्या भोकापर्यंत अर्थ पोचते का, वायरची जाडी काय, एमसीबी त्या जाडीला साजेसा आहे का, हे खोलीवार लिहून घ्या. दीड चौरस मिलिमीटरच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी बसवलेला असेल, तर वायर तापून जळेल पण एमसीबी पडणार नाही. ही एक ओळ अहवालात आली की दहा विशेषणांची गरज उरत नाही.

आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, त्याबद्दल एक गैरसमज सर्वत्र आहे. त्याचं टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला, म्हणजे घराचं अर्थिंग चांगलं, असं नव्हे. अर्थ नसलेल्या घरातही ते बटण काम करतं, कारण गळती ते स्वतःच्या आतल्या आतच घडवतं. उलट, त्याच्या पुढच्या वायरिंगमध्ये कुठे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र केलेले असतील तर आरसीसीबी सारखा पडतो, आणि घाईतला वायरमन त्यालाच बायपास करून मोकळा होतो. डीबी (एमसीबी बसवलेली मुख्य पेटी) उघडल्यावर हे आधी बघायला सांगा.

आणखी एक कागद फारसं कुणी मागत नाही : वीजजोडणी घेताना ठेकेदाराने सही केलेला टेस्ट रिपोर्ट. वायरिंग तपासली, ठीक आहे, असं त्यात कुणीतरी लिहून दिलेलं असतं. जोडणी महावितरणची असेल आणि उपविभाग कार्यालय प्रत देत नसेल, तर माहिती अधिकारात १० रुपये शुल्क भरून मागा. अहवाल आणि हा रिपोर्ट शेजारी ठेवले की बोलायला फार काही लागत नाही. दोन्ही जोडून जिल्ह्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयाकडेही लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

मग बिल्डरला नोटीस. वकील लागतोच असं नाही. स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा, तीच ईमेलनेही पाठवा. कलम १४(३) आणि ३० दिवसांची मुदत लिहा, संयुक्त पाहणीसाठी दोन तारखा सुचवा. दोष मोघम नको. "मास्टर बेडरूम बाथरूम, गिझर पॉइंट : अर्थ वायर जोडलेली नाही, अर्थ आणि न्यूट्रल यांना जम्पर" असं हवं. पाहणीला बिल्डरची माणसं आली तर तिथेच हाताने पंचनामा लिहून सह्या घ्या. सही नाकारली तर तसं लिहा.

तीस दिवस कोरडे गेले की महारेराच्या संकेतस्थळावर खातं उघडून ऑनलाइन तक्रार भरायची. शुल्क ५,००० रुपये. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक करारनाम्यात किंवा त्याच संकेतस्थळावर सापडतो. सोबत नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, ताबा पत्र, भोगवटा प्रमाणपत्राची प्रत, पैसे भरल्याच्या पावत्या, तांत्रिक अहवाल, फोटो, नोटीस आणि तिची पोच जोडा. ताबा पत्रावरची तारीख दोनदा तपासा, पाच वर्षं तिथूनच मोजली जातात. करारनाम्याच्या शेवटचं सुविधांचं परिशिष्टही वाचा. तिथे "कन्सिल्ड कॉपर वायरिंग", "नामांकित कंपनीचे स्विच" असं लिहिलेलं असतं, आणि भिंतीत निघालेलं वेगळं असेल तर तो करारभंगाचा वेगळा मुद्दा होतो.

मागणी कोणती, हे नीट ठरवा. "दोष दुरुस्त करून द्या" हा आदेश प्राधिकरण देतं. नुकसानभरपाई किती ते न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात. सामोपचाराने मिटवायचं असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे, पण बिल्डरचीही तयारी लागते. कायद्याला ६० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. त्या हिशेबाने सुट्ट्या मात्र टाकू नका. निकाल पटला नाही तर अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायलाही ६० दिवस मिळतात.

ग्राहक आयोगाचा मार्ग ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. कुठे जायचं ते घरासाठी मोजलेल्या रकमेवर ठरतं : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग. एकाच मागणीसाठी दोन्ही दारं एकदम ठोठावू नका; समोरचा वकील पहिल्याच तारखेला तेच दाखवतो.

आदेश होऊनही बिल्डर हलला नाही, तर महारेराकडेच अंमलबजावणीचा अर्ज करा. भरपाईची रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होऊ शकते. आणि दुरुस्तीला माणसं आलीच, तर काम संपल्या संपल्या "समाधानकारक" लिहिलेला छापील कागद पुढे येईल. त्यावर सही करण्याआधी मेगर पुन्हा लावायला सांगा, आकडे त्याच कागदावर लिहून घ्या आणि त्याखाली त्यांच्या ठेकेदाराची सही व परवाना क्रमांक घ्या.